साडेनऊ राहिलंय, शेवटचं

त्यांनी माझी माफी मागितली नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे मी त्यांच्याबद्दल चार बरे शब्द लिहीन, कारण लिहायला बसलं की माणूस मऊ पडतो. पण म्हणून प्रकरण मिटलं असं कुणी समजू नये.

मी जुने दरवाजे-खिडक्या विकतो. घाटकोपर ते मुलुंड ह्या पट्ट्यात कुठली बिल्डिंग पाडायला निघाली की तोडकामवाल्याच्या आधी मी तिथे हजर असतो. चौकटी, फळ्या, ग्रिल, बिजागऱ्या, जे निघेल ते उचलायचं, घासून-पुसून उभं करायचं आणि विकायचं. विक्रोळीच्या चाळीत एक मोडका दरवाजा खांद्यावर घेऊन सुरुवात केली, आज दोन गाळे आहेत. हे सगळं मी जिभेवर उभं केलं. माझ्या धंद्याचे नियम दोनच. आपल्या मालाची खोट आपण होऊन सांगायची नाही, आणि गिऱ्हाइकाने विचारलंच तर जेवढं विचारलं तेवढंच सांगायचं. हे नियम लक्षात ठेवा. त्यांनीच माझी वाट लावली.

मला एचआयव्ही आहे. कसा झाला ते विचारू नका. आयुष्यात एकदाच मी नीट न बघता सौदा केला, एवढं पुरे.

तर सरकारी दवाखान्याच्या मागच्या बाजूला, एक्स-रेच्या खोलीवरून पुढे गेलं की एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांचा विभाग. डॉक्टर बघतात, समुपदेशनवाले समजावतात आणि शेवटी औषधाच्या खिडकीवर गोळ्या मिळतात. त्या खिडकीच्या आत त्या बसायच्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. नाकावर घसरलेला चष्मा, त्याला काळा दोरा, समोर स्टीलची एक ताटली आणि लोणी लावायची बोथट सुरी. त्या सुरीने त्या गोळ्या मोजायच्या, पाच-पाचचे ढीग करून. मूळच्या मालवणकडच्या. एरवी शुद्ध बोलायच्या, पण डोकं फिरलं की मालवणी बाहेर पडायची. माझ्या वाट्याला मालवणीच जास्त आली.

त्या कुणालाच नावाने हाक मारत नसत. कार्डावर नाव असे, नंबर असे, पण त्या बोलवायच्या ते गोळीच्या वेळेने. "आठ वाजता, या." "पावणेदहा, तुमचं रक्त तपासायचंय." "सव्वासात, खोकला गेला का?" बाकावर बसलेली माणसं एकेक वेळ होऊन उठायची. आडनाव नाही, जात नाही, गाव नाही. वर्षानुवर्षं शेजारी बसलेल्या एका मास्तरांना मी आजही फक्त 'नऊ' म्हणून ओळखतो.

पहिल्या दिवशी मला विचारलं, "रोज कितीला घेणार?"

तीन औषधं मिळून एकच गोळी, दिवसातून एकदा, रोज त्याच वेळेला, आयुष्यभर, हे आधीच्या टेबलावर कळलेलं होतं. आणि फुकट. इथेच माझी पंचाईत झाली. फुकटच्या मालावर माणूस घासाघीस कशाची करणार? हात शिवशिवत होते. म्हटलं, वेळेवर तरी करू.

"नऊ द्या," मी म्हणालो. "सकाळी नऊ."

"नऊ गेलं."

"गेलं म्हणजे? वेळ काय फ्लॅट आहे?"

"नऊ वाजताचे एक आहेत. दोघांना एकदम हाक मारली तर दोघे उठतील. घोळ होतो."

"मग सव्वानऊ."

"सव्वानऊ पण गेलं." वहीत बघितल्यासारखं केलं आणि मान वर न करता म्हणाल्या, "साडेनऊ राहिलंय, शेवटचं. घेताय?"

मी घाईघाईने म्हणालो, "घेतो, घेतो."

पुढे दोन वर्षांनी कळलं की सव्वानऊला कुणी नव्हतंच, कधीही नव्हतं. मी दुकान दहाला उघडतो हे त्यांनी बोलता बोलता काढून घेतलं होतं आणि साडेनऊच मला जमण्यासारखं होतं. पण 'वेळ तुम्हाला सोयीची आहे' असं सांगितलं असतं तर मी साडेदहासाठी भांडलो असतो. 'शेवटचा पीस आहे, साहेब' ही थाप मी उभ्या आयुष्यात किती गिऱ्हाइकांना मारली असेल! आणि स्वतः ऐकली तेव्हा लायनीत उभ्या माणसासारखा हात वर केला.

दुसऱ्यांदाही तसंच झालं. गोळ्यांची बाटली पिशवीत खुळखुळते. बसमध्ये, रिक्षात, जिना चढताना. ज्याला लपवायचंय त्याला तो आवाज देवळातल्या घंटेएवढा वाटतो. काहीजण म्हणून गोळ्या काढून कागदाच्या पुडीत बांधायचे, मीही एकदा बडीशेपेच्या डबीत भरल्या होत्या. त्यावर मॅडमनी माझी हजेरी घेतली. "गोळी तिच्या बाटलीतच ऱ्हवाक होयी. झाकण घट्ट. आत ती छोटी पुडी असते ती दमट हवा शोषते, ती फेकायची नाही, खायची तर त्याहून नाही." मग ड्रॉवरमधून कापडी खोळी काढल्या. घरी बसून त्या खोळी शिवायच्या, जुन्या कपड्यांच्या, आत कापूस घातलेल्या. खोळीत बाटली घातली की आवाज बंद.

माझ्या हातात आली ती झबल्याच्या कापडाची. पिवळ्या रंगावर निळी बदकं.

"साधी नाही का?"

"साधी गेली."

"अहो, मी धंद्याचा माणूस. बदकं घेऊन फिरू?"

"बदकंच राहिलीत."

घेतली. अजून आहेत. धुवून धुवून निळी बदकं पांढरट झालीत.

जगासाठी आवाज बंद करणाऱ्या ह्या बाई स्वतः मात्र तोच आवाज ऐकायच्या. आपण उरलेल्या गोळ्यांची बाटली परत न्यायची असते, किती उरल्या त्यावरून किती घेतल्या ते कळतं. मॅडम बाटली उघडायच्या आधी कानाशी धरून एकदा हलवायच्या, डोळे मिटून, नारळातलं पाणी बघावं तशा. "दोन," म्हणायच्या आणि मग ताटलीत ओतायच्या. दोनच निघायच्या. क्वचित एकाने चुकायच्या, मग दिवसभर घुश्शात असायच्या.

आणि ती खिडकी. खिडक्यांतलं मला कळतं. ती चुकीच्या उंचीवर बसवलेली होती. कमरेच्या जरा वर, हातभर रुंद. धडधाकट माणसाला काटकोनात वाकून बोलावं लागायचं. मी पहिल्याच महिन्यात म्हणालो, "मॅडम, ही खिडकी काढा. मी सागवानी देतो, काचेची, छातीच्या उंचीला. एक रुपया नको."

"नको."

"अहो, फुकट देतोय. मी फुकट देतोय म्हणजे काय ते बाजारात विचारा."

"वाकायला त्रास होतो?"

"प्रश्न माझा नाही. माणसाला मान आहे की नाही?"

"आहे. म्हणूनच नको," त्या म्हणाल्या आणि पुढच्याला हाक मारली. मला वाटलं, सरकारी माणूस, लोकांना वाकवायची सवय.

बाहेर भेटल्या तर त्या ओळख दाखवत नसत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा त्या माझ्याच दुकानात आल्या, नवऱ्याला घेऊन, बाल्कनीच्या खिडकीसाठी. माझा मेहुणा समोर चहा पीत बसलेला. मी आपला उठून, "या या मॅडम, या!"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कधी जन्मलोच नव्हतो. "आपण कोण?"

"मॅडम, मी..."

"काहीतरी गैरसमज होतोय. ही खिडकी कितीला?"

मेहुणा म्हणाला, "ओळखीच्या का रे?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी आणखी एक शब्द बोललो असतो तर कुठली मॅडम, कसली मॅडम, हे सगळं त्या चहाबरोबर बाहेर आलं असतं. मेहुण्याला काहीच माहीत नव्हतं. घरात फक्त बायकोला माहीत. मी "दुसऱ्या एक आहेत, सेम ह्यांच्यासारख्या दिसतात," असं पुटपुटलो. त्यांनी त्या गोंधळाचा पुरेपूर फायदा घेऊन खिडकीचा भाव असा पाडला की मेहुणा नंतर मला आठवडाभर हसत होता. पुढच्या वेळी मी दवाखान्यात वाकलो तेव्हा हळूच म्हणाल्या, "साडेनऊ, उजवी बिजागरी कुरकुरते." बस, तेवढंच.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं त्या गोष्टीकडे येतो.

पहिली काही वर्षं माझा रिपोर्ट उत्तम येत होता. रक्तातला विषाणू मोजतात, तो इतका कमी की मशीनला सापडत नव्हता. डॉक्टरांनी मला आणि बायकोला समोर बसवून सांगितलं होतं, गोळ्या अशाच रोज चालू राहिल्या आणि रिपोर्ट असाच राहिला, तर नवरा-बायकोच्या संबंधातून हिला लागण होणार नाही. हिची तपासणी दरवेळी चांगली येत होती. मधली चार वर्षं आम्ही एका घरातले दोन भाडेकरू होतो, त्या दिवसानंतर पुन्हा नवरा-बायको झालो. त्यावर मी जास्त लिहिणार नाही. फक्त त्या कागदाची माझ्या घरात काय किंमत होती ते कळावं.

मग एक वर्ष धंद्यात तंटे फार झाले. पुनर्विकासाची कामं वाढली, माझ्यासारखे चार नवे टपकले, रोज कुठे ना कुठे जुंपायची. राग आला की माझ्या छातीत जळजळ सुरू होते. म्हणून मी ॲसिडिटीच्या गुलाबी गोळ्या चघळायला लागलो. आधी लागतील तेव्हा, मग सुपारीसारख्या. सकाळी साडेनऊला ती मोठी गोळी गिळायची आणि लगेच दोन गुलाबी तोंडात टाकायच्या, म्हणजे दिवसभराच्या भांडणाची तयारी झाली. मला तर ती हुशारी वाटायची. मोठी गोळी पोटाला लागू नये म्हणून खाली गादी टाकली, असा माझा हिशेब.

त्या वर्षीचा रिपोर्ट आला. विषाणू वर गेला होता. थोडाथोडका नाही.

डॉक्टर म्हणाले, तीन महिने नीट बघू, पुन्हा तपासू. तेव्हाही असाच आला तर ह्या गोळ्या बदलून दुसऱ्या द्याव्या लागतील. मी खिडकीवर गेलो. मॅडमनी बाटली हलवली, ओतली, मोजली. तारखेला दोनच उरायला हव्यात, अगदी दोनच उरल्या. मी मनात म्हटलं, बघा. आयुष्यात एकाच ठिकाणी मी प्रामाणिक होतो आणि ते हे ठिकाण.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "मोजणी बरोबर आणि रिपोर्ट वाईट. मग गोळ्या कुणी खाल्ल्या, साडेनऊ? गटाराने?"

"म्हणजे?"

"लोक यायच्या आदल्या दिवशी जास्तीच्या गोळ्या गटारात टाकतात. बाटली बरोबर दिसते. खोटं बोलून तुमचंच नुकसान आहे. किती दिवस चुकवल्या?"

"एकही नाही. खरंच सांगतो, एकही नाही."

"दुसरं काही घेता का? कसलं औषध, चूर्ण, काढा?"

"काही नाही," मी म्हणालो. गुलाबी गोळी हे औषध आहे असं माझ्या डोक्यातही नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, डोक्यात आलं असतं तरी सांगितलं असतं की नाही देव जाणे. विचारलं तेवढंच सांगायचं.

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. विश्वास बसलेला नव्हता.

घरी आलो आणि गादी हॉलमध्ये टाकली. हिने विचारलं, "हे काय?"

"रिपोर्ट बिघडलाय."

"तुम्ही रोज घेता. मी बघते ना रोज, समोर."

"तिला वाटतं गटारात टाकतो."

"कोणाला? त्या खिडकीतल्या बाईंना? मी येते सांगायला."

"बायकोला साक्षीला नेऊ? बाजारात तोंड दाखवायला जागा राहील का मला?"

"बाजाराला कळणारे का? आणि गादी इकडे आणायच्या आधी मला विचारलंत?"

नाही विचारलं. मी कुणालाच काही विचारत नाही, मी फक्त भाव विचारतो. पुढचा महिनाभर मी हॉलमधल्या छताचे पोपडे मोजत पडायचो आणि त्या एका शब्दावर जळायचो. खोटं! मी सडक्या चौकटीला रंग लावून सागवानी म्हणून विकलीय, तेव्हा मला कुणी खोटारडा म्हटलं नाही. आणि जिथे खरं बोललो तिथे हे?

पुढच्या महिन्यात मी ठरवूनच गेलो. लायनीत उभं राहूनच पोटात पेटलं होतं, म्हणून तीन गुलाबी गोळ्या एकदम तोंडात टाकल्या. "साडेनऊ," अशी हाक आली. मी वाकलो आणि त्या खिडकीत तोंड घालून ओरडलो.

"मला खोटारडा म्हणता? मी? गोळ्या गटारात टाकतो म्हणता? एक, एक गोळी घेतलीय मी! बायकोला विचारा! कॅमेरा लावा माझ्या घरात!"

मागच्या बाकांवरच्या सगळ्या माना वर झाल्या. एक्स-रेवाला बाहेर येऊन बघून गेला.

 मॅडम माझ्या तोंडाकडे बघत होत्या. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे.

"जीभ दाखवा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"जीभ. बाहेर काढा."

"विषय बदलू नका! आधी शब्द मागे घ्या, मग..."

"अरे मेल्या, जीभ भायर काढ बघू!"

मालवणीला मी दबतो, आईची भाषा. काढली. छप्पन्न वर्षांचा, दोन गाळ्यांचा मालक, दवाखान्याच्या व्हरांड्यात काटकोनात वाकून जीभ बाहेर काढून उभा. पाठीमागून कुणीतरी खुदकन हसलं. मला वाटतं, 'नऊ' असावेत. शिक्षकी पेशातला माणूस, पण हसू आवरलं नाही.

"गुलाबी," मॅडम म्हणाल्या. "हे काय खाल्लंत?"

"ॲसिडिटीची गोळी. तुमच्यामुळे होते."

"रोज खाता?"

"मग!"

"कधी?"

"सकाळी. साडेनऊला, मोठ्या गोळीवरच. मग दिवसभर."

त्यांनी सुरी खाली ठेवली. कपाळाला हात लावला. "मी विचारलं होतं ना, दुसरं काही घेता का?"

"ते औषधाचं विचारलं होतं."

"आणि हा काय खाऊ आहे?"

खिडकी बंद करून त्या मला स्वतः डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. ॲसिडिटीच्या त्या गोळ्यांत जो चुनखडीसारखा माल असतो, तो आपल्या मोठ्या गोळीतल्या मुख्य औषधाला पोटातच धरून बसतो. रक्तात जाऊ देत नाही. गोळी घेतल्याचं खरं, मोजणी खरी, बायकोची साक्ष खरी, पण माल गोदामाच्या दारातच अडकलेला. लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्यांचंही विचारून घ्यावं लागतं, म्हणाले, जी काही गोळी, चूर्ण, टॉनिक घ्याल ते आधी इथे सांगायचं. माझ्यापुरता नियम असा ठरला की मोठी गोळी घेतल्यावर दोन तास गुलाबीला हात लावायचा नाही, आणि गुलाबी घेतली असेल तर त्यानंतर सहा तास मोठी गोळी नाही.

म्हणजे सकाळी साडेअकरापर्यंत गुलाबी बंद.

ह्याचा अर्थ बाहेरच्याला कळणार नाही. साडेअकरापर्यंत मला रागावता येईना. रागावलो की जळजळ, आणि जळजळीवर इलाज नाही. पहिल्या आठवड्यात मी दोन चौकटी अशा भावाने सोडल्या की मला रडू आलं. बाजारात कसं कोण जाणे पसरलं की सकाळी लवकर गेलं तर शेठ गरीब गाय असतो. दहा वाजता गिऱ्हाइकांची रांग लागायची. मी घड्याळाकडे बघत "बरं, घ्या," "बरं, न्या," करत बसायचो.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा मॅडमनी खिडकीतून कागद सरकवला, त्यावर बोट ठेवलं. विषाणू पुन्हा सापडेनासा झाला होता. मी कागद घेतला, घडी घातली, उघडला, परत घडी घातली.  आणि तेव्हा, तसाच वाकलेला असताना, मला त्या खिडकीचं कळलं. मॅडम खिडकीत मला जे म्हणायच्या ते मागच्या बाकावर कुणालाच ऐकू जात नव्हतं. माझं डोकं आत, त्यांचं डोकं आत, मधला शब्द आतच राहिलेला. पहिल्या वेळचा 'खोटं' हा शब्दही. तो व्हरांड्याला ऐकवला तो मी. ओरडून, स्वतःच्या तोंडाने.

घरी गेलो तर हिने दार उघडलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता हॉलमधली गादी गुंडाळायला घेतली. मी म्हटलं, "रिपोर्ट बघ तरी." ती म्हणाली, "लिफ्टवाल्याशी भांडला नाहीत. खालपासून ऐकतेय मी."

आता कुणी म्हणेल, झालं की गोड. नाही. मी पुढच्याच महिन्यात खिडकीवर माफी मागितली. म्हणजे त्यांच्याकडे, त्यांनी मागावी म्हणून.

"तुम्ही मला खोटारडा म्हणालात. मी खोटारडा नव्हतो. माफी मागा."

"तुम्ही गुलाबी गोळी लपवलीत."

"लपवली नाही. सांगितली नाही."

"त्यात फरक काय?"

"माझा सगळा धंदा त्या फरकावर आहे!"

त्या हसल्या नाहीत, पण ताटलीवरची सुरी जरा थरथरली. पुढे दरवेळी हा कार्यक्रम. मी माफी मागा म्हणायचो, त्या गुलाबी म्हणायच्या. मधल्या काळात खिडकीच्या वर त्यांनी जाड पेनाने लिहून पाटी लावली. 'गुलाबी, पांढरी, चूर्ण, काढा, गावठी, सगळं सांगा.' नव्या माणसाला पहिल्या दिवशी विचारायचा तो प्रश्न आमच्या सेंटरमध्ये 'साडेनऊचा प्रश्न' झाला. एकदा कुणी नवीन बाई मला म्हणाल्या, "अय्या, साडेनऊ तुम्हीच का?" मी एवढी वर्षं घालवून ह्या उपनगरात नाव कमावलं, ते हे.

गोळी राहिली तर काय करायचं ह्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. "आठवल्याबरोबर घ्या. पण दुसऱ्या दिवसाची वेळ झालीच असेल तर दोन एकदम घेऊ नका. काल अंघोळ राहिली म्हणून आज कोणी दोनदा करत नाही. आणि राहिली तर राहिली म्हणा. मला मोजणी सुंदर नकोय, खरी हवीय." हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतही म्हणालो असतो.

आणि मग त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस आला. नेमकी माझी तारीख. तोवर मला तीन महिन्यांच्या एकदम मिळत होत्या. दोन रिकाम्या बाटल्या आणि तिसरीत उरलेल्या, माझ्या हिशेबाने दोन, बदकांच्या खोळीत घालून नेल्या. टेबलावर कुणीतरी आणलेला हार पडला होता, पेढ्यांचा डबा होता. मी वाकलो.

मॅडमनी तिसरी बाटली खोळीतून काढली. कानाशी धरली, डोळे मिटले, एकदा हलवली. वहीत काहीतरी लिहिलं. मग झाकण न उघडता बाटली बाजूला ठेवून म्हणाल्या, "बरोबर आहे. पेढा घ्या."

मला काय झालं सांगता येत नाही. एवढी वर्षं मी ज्या मोजणीवर चिडत होतो ती आज होत नाही म्हटल्यावर डोकं सटकलं.

"मोजा," मी म्हणालो.

"अहो, बरोबर आहे म्हटलं ना."

"तुम्ही म्हणून काय झालं? मोजा. शेवटच्या दिवशी फुकटात पास नको मला. उद्या म्हणाल, साडेनऊला तसंच सोडलं होतं."

"मग तुम्हीच मोजा," त्या म्हणाल्या आणि ताटली आणि ती बोथट सुरी माझ्याकडे सरकवली.

मी झाकण काढलं, ऐटीत ओतल्या. एक. दोन.

तीन.

पुन्हा मोजल्या. तीन गोळ्यांची मोजणी किती वेळा करणार? तीनच होत्या. मग मला आठवलं. मुलुंडला एका इमारतीच्या चौकटी उचलायच्या होत्या, सकाळी नऊलाच ठेकेदाराशी जुंपली, ट्रकसमोर आडवा उभा राहिलो, दुपारपर्यंत घसा बसला. जिंकलो होतो. त्या दिवशी मी गोळी घेतली नव्हती, आणि नंतरही आठवली नव्हती. गटार लागलं नाही, गुलाबी लागली नाही. राग एकटाच पुरला.

पाठीमागे हाराचे, पेढ्यांचे आवाज चालू होते. माझं डोकं खिडकीच्या आत होतं. बाटली त्यांनी पास केलेली होती, तोंड बंद ठेवलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. विचारलेलंही नव्हतं.

"तीन," मी म्हणालो. "एक राहिली माझी. मुलुंडला भांडणात होतो. नंतर घेतली पण नाही."

"कितव्या महिन्यात?"

"ह्याच. पंधरा दिवस झाले असतील."

"त्यानंतर?"

"एकही नाही. शपथ."

"शपथ नको. भांडायला जाताना खोळ बरोबर न्या." त्यांनी वही माझ्याकडे वळवली. आजच्या तारखेसमोर, साडेनऊच्या ओळीत, आकडा आधीच लिहिलेला होता. तीन. शाईसुद्धा वाळली होती.

"म्हणजे ऐकू आलं होतं तुम्हाला," मी म्हणालो.

"आलं होतं."

"आणि मला म्हणालात, बरोबर आहे."

"म्हणाले."

"खोटं बोललात!"

"बोलले." चष्मा नाकावरून काढून त्यांनी पदराला पुसला. "त्या वेळी तुम्ही खरं बोललात, मी त्याला खोटं म्हटलं. आज मी खोटं बोलले, ते तुम्ही चालू दिलं नाहीत. झाली फिटंफाट."

"फिटंफाट कसली? मला माफी हवीय."

त्यांनी नव्या बाटल्या बदकांच्या खोळीत घातल्या, तोंडाची नाडी आवळली, आणि मान वर न करता म्हणाल्या,

"माफी गेली. फिटंफाट राहिलीय, शेवटची. घेताय?"

मी वाकलेलाच होतो. घेतली.